१०१ सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

१ जानेवारी १९७८. रविवारची रात्र, पावणेनऊची वेळ. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट दुबईला निघालं आणि धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. आत २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही.

इंजिनं ठीक चालू होती. घातपातही नव्हता. झालं असं की, निघाल्यावर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र मात्र उजवीकडे कललेलंच अडकून राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही. कॅप्टननी यंत्रावर विसंबून विमान डावीकडे कलवलं. मग आणखी डावीकडे. शेवटी ते काटकोनाच्याही पलीकडे कललं. सहवैमानिकासमोरचं यंत्र खरं सांगत होतं, पण ते पडताळून पाहायला पुरेसे सेकंद उरले नाहीत.

यंत्र बिघडलं, हे खरं. पण मी वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करते, म्हणून मला दुसरीच गोष्ट छळते. हजारो तास उडालेला माणूस. विमान कुशीवर झोपत चाललंय, आणि त्याचं स्वतःचं शरीर त्याला एकदाही हटकत नाही!

कसं हटकणार? लहानपणी फुगडी घातली असेल तुम्ही. हात सोडून उभं राहिलं तरी अंगण फिरतच राहतं. आपल्या कानात आत खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण तेच वळण एकसारखं वीसेक सेकंद चालू राहिलं, की द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि कान गप्प होतो. वळणारा माणूस शपथेवर सांगेल, मी सरळ जातोय. मग तो खरोखर सरळ झाला, की कान ओरडतो, अरे, उलटा वळलास! दिवसा डोळे बाहेरचं क्षितिज पाहून ही चूक दुरुस्त करतात. रात्री, ढगात, समुद्रावर डोळ्यांना तो आधार नसतो.

आणि अंगावरचा भार? तोही फसवा. विमान बेतशीर वळलं, तर तुमच्यासमोरच्या पेल्यातलं पाणी सांडतसुद्धा नाही. खुर्चीत सरळ बसल्यासारखंच वाटतं. म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवू नकोस, यंत्रांवर ठेव, आणि एका यंत्रावर नको, दोन-तीन ताडून पाहा. हे ऐकायला सोपं आहे. सगळं अंग एक सांगत असताना काट्याचं ऐकणं फार अवघड.

दुसरी गोष्ट झोपेची. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळुरूला पहाटे सहाच्या सुमारास उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी ८ जण वाचले. ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. ते दीड तासाहून जास्त झोपले होते. रातराणीत गाढ झोप लागलेली असताना कंडक्टरने 'उतरा' म्हणून हलवावं, आणि आपण पिशवी विसरून भलत्याच दाराकडे जावं, तशी ती अवस्था असते. माणूस जागा असतो, अक्कल अजून यायची असते. विमान फार उंचावरून येतंय हे सहवैमानिकाला दिसत होतं. पुन्हा वर घ्या, असं तो तीनदा म्हणाला. कॅप्टननी ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने सुकाणू हातात घेतलं नाही. मोठ्यांना उलटून बोलू नये, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. कॉकपिटमध्ये हा संस्कार बाहेर ठेवून यावा लागतो, आणि ते शिकवावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचा नियम केला. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक नेमलेले नव्हते म्हणून हजारो उड्डाणं रद्द झाली. माणसं विमानतळावर रात्र-रात्र बसली, लग्नं चुकली. तो संताप मला समजतो. पण तो विश्रांतीच्या नियमावर निघाला, तेव्हा मला वाईट वाटलं. ते वाढीव १२ तास मागच्या रांगेत बाळाला घेऊन बसलेल्या बाईसाठीही आहेत.

माझ्यासमोर वैमानिक बसतो, तेव्हा रक्तदाब, नजर, कान सगळं मोजता येतं. मग मी विचारते, झोप लागते का? उत्तर ठरलेलं, "एकदम छान, डॉक्टर." लायसन्स जाईल, ही भीती त्या एका शब्दात असते. मी पेन खाली ठेवते, थांबते. मागे एकजण असाच दारापर्यंत गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला आणि परत येऊन बसला. म्हणाला, "वडील गेल्यापासून नीट झोपलेलो नाही, मॅडम." मी त्याचा कागद बाजूला सरकवला आणि दोघांसाठी चहा सांगितला.