आधी हात, मग पोलाद

नमस्कार श्रोतेहो. घरच्या माणसाला भेट म्हणून स्वतःच्या हातानं सुरी घडवायची, तर सुरुवात कुठून करायची? भट्टीपासून नाही. ज्याला ती द्यायची, त्याच्या हातापासून. आधी हात, मग पोलाद. हे मला आईनं शिकवलं.

मनासारखी जमलेली पहिली सुरी मी आईसाठी केली. वीतभर पातं, शिसवी मूठ, पितळेचे तीन रिव्हेट. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली, "छान झालीय रे" म्हणाली. दोन-तीन महिन्यांनी बघतो, तर ओट्यावर तिची जुनीच सुरी, पाजवून पाजवून निम्मी झालेली. माझी मात्र कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळलेली. वाटलं, जपून ठेवली असेल. विचारलं तर म्हणाली, "पातं गुणाचं आहे, पण मूठ तुझ्या हाताची आहे."

खरंच होतं ते. मूठ घासताना मी घडोघडी धरून बघत होतो, पण माझ्याच हातात. आईचा तळवा लहान, सांधे सुजलेले. चिरताना ती तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकवते, आणि पाठीची कड मी तशीच टोकदार ठेवलेली. ती तिच्या बोटाला रुतत होती. जन्मभर तिला चिरताना पाहिलं, पण हे कधी नजरेत भरलं नव्हतं.

मग एका लाकडी पट्टीवर ओली माती थापली आणि आईला म्हटलं, "चिरताना धरतेस तशी धर." बोटं उमटली. तीन बोटांच्या खुणा खोल, करंगळीची जेमतेम. करंगळीवर तिला जोर देताच येत नव्हता. ठसा वाळवला, मापं घेतली. जुने रिव्हेट ड्रिलनं काढले, मूठ पटाशीनं फोडली आणि नवी बसवली: मागे निमुळती, पोटात भरीव. पाठीची कड कानशीनं मारून पॉलिशपेपरनं गोल केली. त्या दिवसापासून ती सुरी ओट्यावर आहे.

इथे एक सांगतोच. कपाटात ठेवायला म्हणून कुणाला काही देऊ नये. कितीतरी घरांत चांगली भांडी पाहुण्यांची वाट बघत म्हातारी होतात. काढा ती, रोज वापरा.

आता पात्याचं, थोडक्यात. पोलाद हाय कार्बन घ्या. १०८४ नावाचं मिळतं, ते नवख्याला सोपं. आकार द्या, पण धार काढू नका, कड नाण्याएवढी जाड ठेवा. भट्टीत लाल करा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं, साधारण ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत, तापवा आणि कोमट तेलात सरळ बुडवा. आपण 'पाणी देणं' म्हणतो, पण या पोलादाला तेलच द्या. पाण्यात पातं तडकू शकतं. तेल पेट घेतं, म्हणून भांडं धातूचं हवं, झाकण हाताशी हवं आणि काम उघड्यावर करा.

कानस पात्यावरून न चावता घसरली, म्हणजे पातं कडक झालं. कडक, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार झालं की पुन्हा दोन तास. पुन्हा सांगतो: दोनदा, दोन-दोन तास. मगच मूठ, आणि धार सगळ्यात शेवटी.

देताना एवढं सांगा की वापरून झाली की धुवून लगेच कोरडी पुसायची. पातं हळूहळू करडं-निळसर होईल. तो गंज नाही, घासून काढू नका. लाल डाग मात्र लगेच पुसा.

सध्या माझ्या खिडकीत बाबांच्या हाताचा ठसा वाळतोय. ते डावखुरे, म्हणून अंगठा दुसऱ्या बाजूला उमटलाय. नमस्कार.