बुरशीचा रंग, बुरशीचे विष आणि आपले पुरुमेंत

श्रोतेहो, नमस्कार. मिरगाचा पाऊस स्थिरावला की गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेल्या जिन्नसांचे, डबे काळजीने उघडले जातात, कारण सुक्या मिरच्या, खोबरे, अळसांदे, शेंगदाणे यांपैकी कशाला तरी बुरशी लागली असेल ही धास्ती सर्वांनाच असते. त्या बुरशीविषयी एक गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. बुरशी कोणता रंग धरील आणि विष तयार करील की नाही, हे केवळ तिच्या जातीवर अवलंबून नसते. ती कशावर, किती ओलाव्यात आणि किती उष्णतेत वाढली, यावर ते ठरते.

शेंगदाण्यावर आणि खोबऱ्यावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार करते. सुमारे 30 अंश सेल्सिअसला ते भरपूर तयार होते. 37 अंशांना तीच बुरशी जोमाने वाढते, पण विषाचे प्रमाण मात्र झपाट्याने घटते. आपल्या पावसाळी घरांतली उष्णता पहिल्या आकड्याच्या जवळची असते, हे ध्यानात ठेवावे. एखादा खराब दाणा फोडून पाहिला तर दोन पाकळ्यांमधल्या खाचेत पिवळट हिरवी भुकटी दिसते; ती बीजाणूंची असते, विषाची नव्हे. हे विष तयार होताना मधल्या टप्प्यांवर नारिंगी आणि पिवळी द्रव्ये बनतात, परंतु शेवटी उरणारे विष साध्या उजेडात डोळ्यांना दिसत नाही. अतिनील प्रकाशात धरले तरच त्याची निळी किंवा हिरवी चमक दिसते. चिनी लाल तांदळावरची मोनॅस्कस बुरशीही अशीच आहे: नत्राचा पुरवठा आणि आम्लता बदलली की तिचा रंग नारिंगीचा लाल होतो, आणि सिट्रिनिन या तिच्या विषाचे प्रमाणही बदलते.

परिस्थितीचे हे सामर्थ्य किती भयंकर असू शकते, हे 1974 सालच्या एका घटनेवरून कळते, आणि ती घटना सांगितल्यावाचून मला या विषयावर बोलताच येत नाही. गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत मका हे गोरगरिबांचे मुख्य अन्न. त्या वर्षी पीक हाताशी आले असताना अवकाळी पाऊस पडला, कणसे भिजली, आणि दुसरे धान्य नसल्यामुळे तीच ओलसर कणसे घरात साठवून लोकांनी त्यांच्या भाकरी खाल्ल्या. काही आठवड्यांत माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी साचून पोटे फुगली, आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. संसर्गाने होणाऱ्या काविळीचा संशय येणे स्वाभाविक होते. पण त्याच घरांतले, त्याच भाकरीचे तुकडे खाणारे कुत्रेही तशाच लक्षणांनी मरत होते आणि मका न खाणारी कुटुंबे सुखरूप होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासणीत त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज आपल्या देशात धान्यासाठी किलोमागे 15 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, यावरून त्या भाकरीत काय होते याची कल्पना यावी. पुढच्या वर्षी त्याच भागात लोकांनी मकाच खाल्ला, बुरशीही तीच होती, पण तशी साथ उद्भवली नाही. पुन्हा सांगतो: जात तीच, परिस्थिती वेगळी.

म्हणूनच वाळवण हे घरकामातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. खोबऱ्यातला ओलावा सहा टक्क्यांपर्यंत आणि शेंगदाण्यातला आठ टक्क्यांच्या आत उतरला तर ही बुरशी मूळच धरू शकत नाही. पूर्वी त्यासाठी अंगण होते. आता पणजी-मडगावच्या इमारतींत गच्चीला कुलूप असते आणि चावी कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. एप्रिल-मे महिन्यांत तरी प्रत्येक सोसायटीने गच्ची वाळवणासाठी उघडी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दाणे अर्धवट ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत. आतली वाफ आतच राहते आणि बुरशीला हवा तेवढा ओलावा मिळतो.

बुरशी पुसून किंवा दाणे भाजून हे विष पुरते जात नाही, कारण स्वयंपाकाच्या आचेला ते सहज दाद देत नाही. बुरसटलेले, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाकून द्यावेत. ते गोठ्यातल्या गायीपुढेही घालू नयेत, कारण गायीच्या पोटात गेलेल्या या विषाचा अंश रूप बदलून दुधात उतरतो आणि ते दूध घरातली मुलेच पितात. नमस्कार.