जिन्याजवळची शोकेस

नमस्कार श्रोतेहो. नव्या फोटोग्राफरनी कमी खर्चात स्वतःची वेबसाइट कशी उभी करावी, ते आज सांगणार आहे. पण सुरुवात एका शोकेसपासून.

सांगलीत आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता, पहिल्या मजल्यावर. खाली जिन्याच्या तोंडाशी भिंतीत एक काचेची शोकेस बसवलेली होती. आत निळं मखमली कापड आणि त्यावर सोळा फोटो. सोळाच. मुंडावळ्या बांधलेली एक नवरी, पाळण्यातलं एक बाळ, पंचाहत्तरीला ओवाळून घेणारे एक आजोबा. दसरा जवळ आला की बाबा शोकेस उघडायचे, काच आतून-बाहेरून पुसायचे आणि वर्षभरातले फोटो टेबलावर मांडून बसायचे. जुना एक काढल्याशिवाय नवा एक आत जायचा नाही. जिना चढून येणारं गिऱ्हाईक खालची शोकेस बघूनच यायचं.

मी आज लोकांना वेबसाइट तयार करून देते. नव्यानं फोटोग्राफीत उतरलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, ‘ताई, खर्च किती?’ कुणीतरी त्यांना तीस-चाळीस हजारांचा आकडा सांगितलेला असतो. इकडे कॅमेऱ्याचे, लेन्सचे हप्ते चालू असतात. मग ती म्हणतात, राहू दे, सोशल मीडियावरचं खातं आहे की. त्या खात्यावरून कामं येतात, हे मी नाकारत नाही. पण ती जागा आपली नव्हे. ओळखीतल्या एका फोटोग्राफरचं खातं ऐन लग्नसराईत बंद पडलं आणि चार वर्षांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: छोटी असू दे, पण शोकेस स्वतःच्या भिंतीत हवी.

आता पैशाचं बोलू. दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात, नाव आणि जागा. नाव म्हणजे डोमेन. डॉट इन घेतलंत तर वर्षाला साधारण सातशे ते हजार रुपये. जागा म्हणजे होस्टिंग, म्हणजे तुमचे फोटो आणि मजकूर ज्या संगणकावर राहतात त्याचं भाडं. साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच संगणकावर अनेकांच्या साइट, वर्षाला दोन ते चार हजारांत मिळतं. फक्त पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय, हे आधी विचारा, खरी किंमत तीच. वेबसाइट उभी करायला वर्डप्रेस वापरा. २००३ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात. त्यामुळे अडलात तर मदत करणारं माणूस जवळपास सापडतंच. साइट आणि ती बघणारा यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित राहावी म्हणून एसएसएल प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ते फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले तेच बसवून देतात. त्याचे वेगळे हजार-दोन हजार कुणी मागितले तर का, ते विचारा.

म्हणजे चार-पाच हजारांत वर्ष निघतं. तेवढेही नसतील तर गुगल साइट्सवर साधी वेबसाइट फुकट उभी राहते आणि तुमचं डोमेन तिला जोडता येतं. खर्च फक्त नावाचा. रचनेत हवी तशी मोकळीक मिळत नाही, पण पहिल्या हंगामाला पुरेशी आहे.

नावावर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथंच लोक फसतात. एका फोटोग्राफरनं वेबसाइट बनवणाऱ्याला सगळे पैसे एकरकमी दिले. त्यानं डोमेन घेतलं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. तीन वर्षांनी तो माणूस फोन उचलेना. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहिल्या आणि मुदत संपली. ज्या नावाची पाटी दुकानावर होती, जे नाव अल्बमच्या प्रत्येक बॉक्सवर छापलं होतं, ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. तो फोटोग्राफर माझ्यासमोर बसला होता, हातात पैसे भरल्याच्या पावत्या होत्या आणि मला काहीच करता येत नव्हतं. म्हणून हात जोडून सांगते, डोमेन स्वतः घ्या. तुमचं नाव, तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल, तुमचा पासवर्ड. बनवणाऱ्याला हवा तर होस्टिंगचा पासवर्ड द्या आणि काम झालं की बदला. जमलं तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाका, दहा वर्षांपर्यंत भरता येतात. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हा पत्ताही मिळतो. मला तो मनापासून आवडतो. पण लग्नघरातला माणूस घाईत इंग्रजी अक्षरंच टाइप करतो, तेव्हा आधी डॉट इन घ्या, डॉट भारत मागाहून.

आता फोटो. गेल्या वर्षी तासगावकडची एक मुलगी आली होती. तिनं स्वतःच वर्डप्रेसवर साइट उभी केली होती, रचना छान होती, पण माझ्या मोबाइलवर ती उघडेचना. पांढरा पडदा आणि गोल गोल फिरणारं चक्र. बघितलं तर एकशे चाळीस फोटो, आणि सगळे कॅमेऱ्यातून आले तसे. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार पिक्सेल, फाइल सहज दहा एमबीची. नुसते वीस फोटो धरले तरी दोनशे एमबी. गावाकडे पाच एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६ एमबीचा वेग मिळत असेल तर तेवढं उतरायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. एवढा वेळ कोण थांबेल? तेच फोटो लांब बाजूनं दोन हजार पिक्सेलवर आणले आणि जेपेगचा दर्जा पंचाहत्तर-ऐंशीवर ठेवला, की एकेक फोटो साधारण चारशे केबीचा होतो. वीस फोटोंचे आठ एमबी. त्याच वेगात तेरा सेकंद. मोबाइलच्या पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो एरवी आपणहून लहान करून दाखवतं, हे खरं, पण तिच्या साइटवर मूळ फाइलच उघडत होत्या; शिवाय मूळ मोठी फाइल तिथंच पडून राहते आणि भाड्याची जागा खाते. तेव्हा चढवण्याआधीच लहान करा.

तिची आणखी एक तक्रार होती. हळदीचे फोटो लॅपटॉपवर झळाळतात आणि साइटवर गेले की मळकट दिसतात. आम्ही दोघींनी एकच फोटो शेजारी-शेजारी उघडला. नवरीच्या गालावरची हळद एकीकडे पिवळीधमक, दुसरीकडे शिळ्या पिठल्यासारखी. शालूचा हिरवाही उतरलेला. कारण असं, की तिनं फोटो ॲडोबी आरजीबी या रंगव्यवस्थेत काढून तसेच एक्स्पोर्ट केले होते आणि फाइल लहान करताना त्यातली रंगांची माहिती गळून पडली होती. वेबसाठी एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी ही रंगव्यवस्था निवडायची, एवढंच. एक पर्याय बदलला आणि हळद जागेवर आली.

उरला प्रश्न एकशे चाळीस फोटोंचा. तिला मी बाबांच्या शोकेसची गोष्ट सांगितली, मग सरळ तिला बाबांकडेच घेऊन गेले. ते आता थकलेत, पण चष्मा लावून तिच्या लॅपटॉपसमोर दोन तास बसले. एकाच नवरीचे सहा फोटो आले की विचारायचे, ‘यातला तुझा कुठला?’ तिनं दाखवला की बाकीचे काढायला लावायचे. अंतरपाट दूर होतानाचा एक फोटो होता, थोडा हललेला. ती तो काढायला निघाली तर बाबांनी तिचा हात धरला. म्हणाले, ‘हा पहिला लाव. हा क्षण परत घेता येत नाही, हे बघणाऱ्याला कळतं.’ शेवटी बावीस फोटो राहिले. हा भाग कुठल्याही वेबसाइटवाल्याला पैसे देऊन होत नाही. त्याला फोटो काढणाऱ्याचीच नजर लागते.

फोटोंबरोबर चार ओळींचा मजकूर हवा, आणि तो मराठीत जरूर हवा. आपल्याकडे अल्बमवरची नावं, फ्लेक्स, पत्रिका बहुतेक श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. तो मजकूर उचलून साइटवर चिकटवला की नुसती गिचमिड दिसते. साइटवरचं मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीत टाइप करा, तरच ते गुगलला वाचता येतं आणि शोधणाऱ्याला सापडतं. फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटानं केलेला मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि वाचायला सुरेख आहे. मजकुरात गावांची नावं लिहा, तासगाव, विटा, मिरज, जिथं जिथं तुम्ही ऑर्डर घेता ती सगळी. कामंही नावानिशी लिहा, म्हणजे साखरपुडा, हळद, डोहाळजेवण, बारसं. फोटोच्या फाइलला डीएससी शून्य चार सत्तावन्न असं कॅमेऱ्यानं दिलेलं नाव ठेवू नका, फोटोत काय आहे ते लिहा. दराबद्दल विचाराल तर ‘इतक्यापासून पुढे’ असा एक आकडा द्यावा, या मताची मी आहे. न परवडणाऱ्याचा आणि तुमचा, दोघांचाही वेळ वाचतो.

आता एक कायद्याची गोष्ट, जी बहुतेक नव्या फोटोग्राफरना कुणी सांगतच नाही. फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा, असं आपण धरून चालतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम म्हणतं, की कुणी मोबदला देऊन त्याच्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरचे फोटो साइटवर लावायचे तर पार्टीची परवानगी हवी, तीही लेखी. ॲडव्हान्स घेताना बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घाला, ‘यातील निवडक फोटो माझ्या वेबसाइटवर दाखवण्यास संमती आहे’, शेजारी हो आणि नाही अशा दोन चौकटी, आणि खाली सही. नाही म्हणणाऱ्याचा मान ठेवा. लहान मुलांच्या फोटोखाली नाव आणि शाळा लिहू नका, आईवडील हो म्हणाले तरीसुद्धा.

संपर्कासाठी मोठा फॉर्म ठेवू नका, आपली माणसं फॉर्म भरत नाहीत. फोन नंबर वरच्या बाजूला ठळक लिहा आणि व्हॉट्सॲपचं बटण द्या. त्याची लिंक सोपी आहे, लिहून घ्या: डब्ल्यूए डॉट एमई, पुढं तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. मध्ये शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही. आणि गुगल मॅप्सवर व्यवसायाची नोंद करून तिथं साइटचा पत्ता द्या. तीही फुकट होते.

हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरकायला हवं, कारण मुहूर्त निघायला लागले की तुम्हाला जेवायलाही सवड नसते. तासगावच्या मुलीनं दिवाळीच्या पाडव्याला तिची साइट सुरू केली. आठ-दहा दिवसांनी विट्याहून पहिला फोन आला. लग्नाचा नव्हता. आजीची पंचाहत्तरी आहे, म्हणाले, आणि तुमच्या साइटवरचा तो हललेला फोटो आमच्या आजीनं तीनदा उघडून बघितला. त्या मुलीनं मला कळवलं, आणि मी बाबांना.

नमस्कार.