मीठ उडत नाही

मंडळी, घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवायची म्हणता, तर आधी वाईट बातमी सांगून टाकतो. परदेशातले व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी काहींना घरात हिरवी-जांभळी प्रवाळं डोलताना दिसायला लागली असतील. पण रीफ म्हणजे प्रवाळभित्ती बांधणारी प्रवाळं, पंख्यासारखे पसरणारे समुद्रपंखे हे सगळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत! कुणी दुकानदारानं आतल्या खोलीत नेऊन हळूच दाखवलं, तरी घेऊ नका. बघायचीच असतील तर मालवणला जा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केल लावून पाण्यात तोंड घाला.

घरी काय ठेवायचं? सिरॅमिकचे खडक, दोन-चार गोगलगाई आणि हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात जन्मलेली क्लाउनफिशची जोडी. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं या माशांची पैदास करून दाखवली आहे, तेव्हा ते समुद्रातून उपसायला नकोत.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण 190 लिटर पाणी, त्यात सात किलोच्या आसपास समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, नळाचं पाणीही नाही, आरओ-डीआयचंच, म्हणजे सगळे क्षार गाळून काढलेलंच लागतं. मग टाकी भरायची, पंप सुरू करायचा आणि हात बांधून बसायचं. चार ते सहा आठवडे! पुढे मासे आले की ते अमोनिया सोडणार, आणि तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट. ही वस्ती खडकांवर बसायला वेळ लागतो. रोज परीक्षानळीत थेंब टाकून पाहायचं: हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळंच राहिलं तर नाही. तोवर घरचे विचारतात, "मासे कुठायत?" विचारू द्या.

आता माझी चूक. मे महिना होता. पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखा लावला होता, त्यानं रोज दोनेक लिटर पाणी उडायचं. मी मोठ्या काळजीनं मीठ कालवलेलं पाणी भरत राहिलो. अहो, पाणी उडतं, मीठ कुठं उडतं? ते खालीच साचत गेलं. दहाव्या दिवशी कोळंबी आडवी झाली, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी, कपाटातून काढला. काचेवर एक थेंब, झाकण दाबलं, खिडकीकडे तोंड करून डोळा लावला. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा 35 वर (लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ) हवी होती, ती 39 ला टेकलेली.

घाबरून एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर उरलेलेही गेले असते. चार दिवस लावले, रोज एक-एक अंक खाली. तेव्हापासून टाकीच्या काचेवर मार्करची काळी रेघ आहे. पाणी रेघेखाली गेलं की साधं आरओ-डीआयचं पाणी, रेघेपर्यंत. मिठाचं पाणी फक्त पंधरवड्याला, वीसेक लिटर काढून तेवढंच घालताना. आमच्या कामवाल्या मावशींनी एकदा ती रेघ डाग समजून पुसली होती, पण ती गोष्ट प्रश्नोत्तरांत सांगेन.