गाठ फुटत नसते
(सांगलीतील व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार. द्राक्षांच्या विरळणीचे दिवस असूनही तासगावकडून इतकी मंडळी आली आहेत, याचा मला फार आनंद झाला. आजचा विषयही तुमच्याच खांद्यांचा आहे.

दुखण्याला आपल्याकडे शब्द किती आहेत बघा. पाठ धरली, मान अवघडली, उसण भरली, शिरेवर शीर चढली. उसण भरली की माझी आजी पायाळू माणूस शोधायची आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायची. तालमीतल्या वस्तादाचा हात ज्यांच्या अंगावरून फिरला आहे, असेही इथे दोघेतिघे बसलेले दिसताहेत. अंगाला हात लागला की बरं वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण त्याच्या जोडीला एक समजूत आली: जितकं दुखवाल तितका गुण येतो. मला आज बोलायचं आहे ते याच समजुतीबद्दल.

मी जो उपचार करते, त्याचं नाव मायोफेशियल रिलीज. आधी त्यातला फॅशिया म्हणजे काय ते सांगते. मटण साफ करताना गोळ्यावर एक पांढरा, चिवट पापुद्रा असतो, सुरीला चिकटून येतो. तो फॅशिया. आपल्या प्रत्येक स्नायूला असं वेष्टन असतं आणि ते डोक्यापासून तळपायापर्यंत एकमेकांत गुंतलेलं असतं. मायो म्हणजे स्नायू. या दोन्हींवर हाताने हळूहळू, धरून ठेवलेला दाब देतात, त्याला मायोफेशियल रिलीज म्हणतात.

आता माझ्या मावशीची गोष्ट. तिची द्राक्षबाग आहे. विरळणीला दिवसभर मान वर, हात वर, बोटांत ती छोटी कात्री. एकेका घडातले मणी कापायचे. असे तीन आठवडे झाले आणि उजवा खांदा धरला. अंबाडा घालायला हात मागे जाईना. कुणीतरी सांगितलं म्हणून ती एके ठिकाणी स्नायूतली ‘गाठ फोडून’ घ्यायला गेली. त्यानंतर काही दिवसांनी माझ्याकडे आली, तेव्हा भर दुपारी पदर अंगभर लपेटून बसली होती. मी पदर बाजूला केला. खांद्यापासून पाठीपर्यंत कोपराने दाबल्याचे निळेजांभळे डाग होते, मधे पिवळट पडत चाललेले. ती म्हणाली, “ओरडले नाही गं मी. दुखलं तर गुण येतो म्हणाले.”

मला आजही तो पदर आठवतो. साठीची बाई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत सोसते आणि वर पैसे देऊन येते! त्या दिवशी मी तिच्या खांद्याला हातही लावला नाही. डाग उतरू दिले. आठवड्याने तिला पालथं झोपवलं आणि फऱ्याच्या हाडावर, मागच्या बाजूला, दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली म्हणावं इतका कमी दाब. ती दचकली. “अगं, तिथं दाबतीयास आणि कळ हिकडं पुढं दंडात कशी येतीया?”

मावशीने एका वाक्यात जे विचारलं, त्यावर अमेरिकेत जेनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्य घालवलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या त्या डॉक्टर, १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या. स्नायूत कुठे दाबलं की कळ कुठे उमटते, याचे नकाशे त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर डेव्हिड सायमन्स यांनी १९८३च्या ग्रंथात छापले. फऱ्यावरच्या त्या स्नायूची कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात उतरते. मावशी जिथे दुखतं म्हणून दाखवत होती, तिथे दुखण्याचं मूळ नव्हतंच.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. पत्रिकेवर ‘या उपचारातून काय अपेक्षा ठेवावी’ असं छापलंय, तेव्हा आता भराभर सांगते.

पहिल्या दिवशी निम्मा वेळ विचारपूस आणि हालचाल बघण्यात जातो. तो वाया गेला असं समजू नका. तेल फारसं लावत नाहीत, कारण हात घसरला तर पकड राहत नाही. एका जागी दीड-दोन मिनिटं, कधी पाच मिनिटंही दाब धरतात. थोडं दुखेल, पण ते हवंहवंसं दुखणं असावं. तुम्ही श्वास रोखून धरलात तर दाब जास्त झाला. तिथेच ‘थांबा’ म्हणा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकू शकतं, एक-दोन दिवसांत ते ओसरतं. डाग मात्र पडता कामा नयेत. चार-सहा वेळा येऊनही काहीच फरक नसेल, तर मी तोच उपचार पुढे रेटत नाही, निदानच पुन्हा तपासते.

आणि गाठ फुटत नसते. फॅशिया रबरासारखा ताणलाही जात नाही. तळपायाचा फॅशिया एक टक्का दाबायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, असं २००८ मध्ये गणिताने मांडलं गेलं. आराम बहुधा मज्जासंस्थेमार्फत मिळतो. तिला धोका वाटेनासा झाला की स्नायू सैल पडतो. म्हणून कोपराची गरज नाही. कंबरदुखीवरच्या अभ्यासांत थोडा, काही काळापुरता आराम दिसतो. सगळे अभ्यास भक्कम नाहीत. मिळालेल्या त्या सैल काळात व्यायाम केला तरच तो टिकतो. मावशीचा हात अंबाड्यापर्यंत पोचायला दीड महिना लागला. त्यात माझ्या बोटांपेक्षा तिने रोज भिंतीशी केलेल्या व्यायामाचा वाटा मोठा होता. शिवाय ती आता बागेत स्टूल घेऊन जाते.

हा उपचार कुणी करून घेऊ नये? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळू नका, दवाखाना गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, किंवा छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका.

टेनिस बॉल घेऊन भिंतीला टेकून घरी करता येतं, मणक्यावर मात्र नाही. ते करून दाखवायचं होतं, राहिलं. आता प्रश्न घेऊ. शेवटच्या ओळीतल्या काकू मघापासून हात वर करून बसल्या आहेत. काकू, हात खाली घ्या आधी, आणि मग विचारा.