दिवाळीनंतरचा हजेरीपट

सातपुड्यातला एक पाडा. जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या दोन, शिक्षक दोन, इयत्ता चार. गुरुजी हजेरी घेतायत. एक नाव, "हजर". पुढची तीन नावं, कोणीच बोलत नाही. मागून एक पोरगा सांगतो, "तोडीला गेले."

हा नंदुरबार जिल्हा. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला. दहातली जवळपास सात माणसं आदिवासी. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के, इथली ६४. राज्यात सगळ्यात कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात इथली निम्म्याहून जास्त माणसं गरिबीत होती.

शाळेच्या कॅलेंडरात दिवाळीची सुटी संपते. पाड्यावर ती होळीपर्यंत चालते. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. म्हातारी माणसं मागे राहतात. जिथे तीही नाहीत, तिथलं पोर आईबापाबरोबर उसाच्या फडावर. अशा मुलांसाठी राज्यानं शिक्षण हमी कार्ड काढलं: जाल तिथल्या शाळेत दाखवा, बसायला मिळेल. कल्पना चांगली. पण कार्ड महाराष्ट्राचं, फड गुजरातचा, आणि तिथली शाळा गुजराती.

भाषेचा घोळ तर इथेही आहेच.

चौथीतली ही मुलगी बघा. अक्षराखाली बोट. झा... डा... व... र. शब्द पुरा झाला, तिनं वर पाहिलं. अर्थ लागलेला नाही. घरी पावरी, इथली आदिवासी बोली; पुस्तक मराठी. गुरुजी पान उलटतात, चित्रावर बोट ठेवतात आणि पावरीत विचारतात. आता तिला थांबवणं अवघड. माकड कुठून आलं, फांदी का मोडली, सगळं सांगून होतं. वाचनाच्या चाचणीत ही मुलगी 'अक्षर' पातळीवर आहे.

गुरुजी धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. पावरी ते पोरांकडूनच शिकले. बदलीचा अर्ज दरवर्षी करतात, हेही सांगितलं पाहिजे. पुढचे गुरुजी पावरी पहिल्यापासून शिकतील.

होळीला ढोल वाजतात, माणसं परततात. हजेरीपटातले रिकामे चौकोन भरू लागतात. परीक्षा एप्रिलमध्ये. शाळेची गुणवत्ता किती टक्के, ते तेव्हा ठरणार. फडावर गेलेले महिने त्या टक्क्यांत कुठून दिसणार?

तोडीवरून आलेला पोरगा पुस्तक उघडतो. कोपरा दुमडलेलं एक पान सापडतं. दिवाळीआधीचं.