बॅटरी गेली, असे म्हणण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत मी सकाळी गाडीची चावी फिरवली, तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, लागण्याऐवजी बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू आली. हेडलाइट मात्र लख्ख होते. गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच बॅटरी गेल्याचे निदान केले, मी मुकाट्याने नवी बसवून घेतली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तीच टकटक सुरू झाली.

खरे तर त्या लख्ख दिव्यांनीच मला सावध करायला हवे होते. बॅटरी उतरली असेल, तर सेल्फ मारताना दिवे मंदावतात. ते जसेच्या तसे राहिले, तर सेल्फपर्यंतच्या वाटेवर संशय घ्यावा. गाडीत विजेच्या परतीच्या वाटेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी तार नसते, लोखंडी बॉडीच ते काम करते. परंतु इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी द्यावी लागते, आणि सेल्फचा शे-दीडशे अँपिअरचा प्रवाह आमच्या गाडीत त्याच पट्टीतून परततो. तिच्या सांध्यात ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, आला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. दिव्यांना मोजकेच अँपिअर लागतात आणि त्यांचे अर्थिंग थेट बॉडीला असते, म्हणून त्यांना याचा पत्ताही लागत नाही.

तपासणीला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. काटा किंवा आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास राहिला, तर अर्थिंग ठीक आहे. आमच्याकडे तो एकच्या वर गेला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळाले, तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर आपले काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, हे ध्यानात ठेवावे.

ठाण्यात काय किंवा खाडीपलीकडे ऐरोली-वाशीत काय, दमट हवेत बॅटरीच्या खुंटांवर, म्हणजे टर्मिनलवर, पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड लवकर धरते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ती धुवावी, कोरडी करून पेट्रोलियम जेली लावावी. केबल सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. नाहीतर धन बाजूचा पान्हा बॉडीला टेकताच ठिणगी उडते. जळालेल्या 10 अँपिअरच्या लाल फ्यूजजागी 20चा पिवळा घालणे, म्हणजे फ्यूजऐवजी तार जाळायची सोय करणे होय.

आमच्या पट्टीचा बोल्ट गंजला होता. तो काढून, जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळायला वीस मिनिटे लागली. जुनी बॅटरी तोवर बदलीत गॅरेजवाल्याकडे गेली होती, आणि ती बहुधा चांगलीच होती.